कंपनीतून आला तसा कोरा

पिंपळगाव राजा
४ फेब्रुवारी २०२५

चि. करिष्मा,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, आणि मीही होतो तसाच आहे. अडीच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे ती कामापुरती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मागून तू म्हणायला नको.

पत्ता संक्रांतीच्या खोक्यावरून घेतला. तू आईला तिळाच्या वड्या पाठवल्या होत्यास ना, ते. मोबाईल नंबरही होता त्यावर, पण त्याच्यावर तू काळी शाई फिरवली होतीस. आईनं ते पुठ्ठं उन्हात धरून पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. शाई चांगल्यापैकी होती.

तर काम. आपला टच फोन, जो तू माझ्यासोबत खामगावला येऊन निवडला होतास, तो गेल्या आठवड्यात हरवला. त्याची चार्जिंगची पिन खराब झाली होती, बंदच पडून होता. सिम मी आधीच काढून साध्या बटणाच्या फोनात टाकलं होतं. म्हणून हरवला तरी मी काही मनाला लावून घेतलं नाही. पण परवा शेजारचा शिवम सकाळीच दारात आला नि म्हणाला, "काका, टॅक्टर कवा घेतलं? सांगतलंबी नाही."

कसलं ट्रॅक्टर, म्हटलं. तर त्यानं त्याच्या फोनवर दाखवलं. माझ्या नावाच्या स्टेटसवर लाल ट्रॅक्टर, समोर चष्मा लावलेला एक अनोळखी माणूस. म्हणजे फोन कोणाच्या तरी हाती लागला आहे, त्यानं तो दुरुस्त केला आहे आणि तो जिवंत आहे.

आपल्या गावातला मोबाईलवाला अविनाश म्हणतो, घाबरायचं कारण नाही. त्यानं व्हॉट्सअ‍ॅप तेवढं तिकडून बंद पाडून दिलं. बाकी फोन मात्र आहे तसाच आहे. तो पुसायचा असेल तर त्या फोनचं जे गूगलचं खातं आहे त्याचा पासवर्ड पाहिजे. पासवर्ड असला की माणूस कुठंही बसून हुकूम सोडतो आणि फोन तिकडं आपोआप पुसला जातो, कंपनीतून आला तसा कोरा. खातं तू काढलं होतंस. पासवर्ड तुलाच माहीत. अविनाशनं माझं नाव, आईचं नाव, गावाचं नाव, सगळं घालून पाहिलं. लागलं नाही.

तेवढा पासवर्ड कळव, नाहीतर तूच तिथून पुसून टाक. घाई अशी काही नाही. पण २३ तारखेला शिवमच्या बहिणीचं, छकुलीचं साक्षगंध आहे, त्याच्या आत झालं तर बरं. सोयरीक मीच जमवली. मुलगा मेहकरकडचा, ग्रामसेवक आहे.

उकंडराव


पिंपळगाव राजा
९ फेब्रुवारी

चि. करिष्मा,

स्पीड पोस्टची पावती माझ्या खिशात आहे. पत्र सहा तारखेला तुला पोचलं, असं पोस्टमास्तरनं कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं. आज नऊ. म्हणजे तू वाचलंस आणि ठेवून दिलंस. ठीक आहे. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, हे मी कबूल करतो, पण पुढचं वाच.

फोन हरवला नाही. गल्लीत तो टबवाला येतो, मोटरसायकलवर प्लास्टिकचे टब, टोपली, बादल्या बांधून, भोंग्यातून ओरडत, बंद मोबाईल, फुटका मोबाईल द्या, टब घ्या. तुझ्या आईनं त्याला फोन देऊन टाकला. निळा टब घेतला. बायकांना बंद वस्तू घरात दिसली की चैन पडत नाही. टब मोठा आहे, हे खरं.

आता तू म्हणशील, जुना फोन गेला, त्यात एवढं काय. म्हणून सांगतो. तुलाच आठवत असेल. माझी डोळ्यांची अडचण सुरू झाली तेव्हा तू म्हणाली होतीस, बाबा, वहीत कशाला लिहिता, फोनला सांगा, फोन ऐकून ठेवतो. ते मी इतकं मनावर घेतलं की विचारू नकोस. ज्या घरी गेलो त्या घरचं, बाहेर पडलो की बांधावर उभं राहून बोलून ठेवायचं. मुलगी कशी, मुलगा कसा, शेती किती ओलिताची, बाप काय पितो, आधी कुठं सोयरीक मोडली आणि का मोडली. बायोडाट्यात जे लिहितात ते सारं गाव वाचतं. जे लिहीत नाहीत ते मला सांगतात. बेचाळीस लग्नं जमवली ती बायोडाट्यावर नाही जमली, पोरी.

तशा दोनशेच्या वर नोंदी त्या फोनात आहेत. माझ्या आवाजात, नावगावासकट. सोबत मुलींचे फोटो. आणि फोनला कुलूप नव्हतं. तू लावून दिलं होतंस, मीच काढायला लावलं, दर वेळी बोट ओढायचा कंटाळा येतो म्हणून.

त्यात छकुलीच्या आईची, कौशल्याबाईची नोंद आहे. छकुलीचं पाहायला सुरुवात केली तेव्हा कौशल्याबाईनं मला ओट्यावर बसवून सांगितलं होतं, भाऊ, माझ्या पाठीवर कोडाचा डाग आहे, लग्नाच्या आधीपासून. पोरीला काही नाही, पण लोक आईचं पाहतात. शिवमला माहीत नाही. मुलाकडच्यांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या स्वाधीन आहे. मी म्हटलं, माझ्या पोटातून बाहेर जायचं नाही. आणि बाहेर येऊन ते फोनात सांगून ठेवलं. आता ते पोट कोणाच्या तरी खिशात फिरतं आहे.

मेहकरच्या मंडळींपर्यंत ते कसं जाईल म्हणशील, तर जायला काय लागतं? त्या ट्रॅक्टरवाल्यानं गंमत म्हणून एकाला ऐकवावं, त्यानं दुसऱ्याला पाठवावं. छकुलीची सोयरीक मोडली तर का मोडली, हे सगळ्यांना कळेल. मग दुसरी कुठली जमणार? छकुली तुझी मैत्रीण आहे. तुमचं दोघींचं एका ताटात जेवण झालेलं आहे.

मी परवा मलकापूरला जाऊन आलो. टबवाले सगळे तिथल्या एका गोदामातून माल उचलतात असं कळलं होतं. दिवसभर गोदामाच्या दारात बसलो. संध्याकाळी माझा टबवाला आला. त्यानं मला ओळखलं, चहासुद्धा पाजला. म्हणाला, "काका, आम्ही पोत्यानं देतो. एक पोतं गेलं सिंदखेडराजाकडं, एक गेलं खानदेशात. तुमचा कोणत्या पोत्यात होता, मले काय ठाव?"

रात्री डोळा लागत नाही. बटणाचा फोन वाजला की आधी नंबर दोनदा पाहतो, मग उचलतो. काल मेहकरहून मुलाच्या बापाचा फोन आला तर मी आधी दार लावून घेतलं. त्यांना फक्त विचारायचं होतं, साक्षगंधाला माणसं पंचवीस आणली तर चालतील का.

राग माझ्यावर आहे ना, तो माझ्यावर ठेव. पुस ते.

उकंडराव


पिंपळगाव राजा
१३ फेब्रुवारी

करिष्मा,

मागचं पत्र टाकायच्या आधी तुझ्या आईनं वाचायला मागितलं. मी दिलं नाही. घडी करून खिशात घातलं नि पोस्टात गेलो. काल तिनं विचारलं, त्यात माझं नाव कशाला आलं? म्हणजे तिनं पाकीट बंद करण्याआधीच पाहिलं होतं. तिला अक्षरं लावून वाचता येतात हे मी विसरूनच गेलो होतो.

ती म्हणाली, "टब मी घेतला असं लिहिलं तुमी. मी कवा घेतला? मी तं त्या दिवशी मळ्यात होती. माहं नाव कायले घालता?"

तिचं खरं आहे. ती वांगी तोडायला गेली होती. घरी मीच होतो.

टब मी घेतला. आणि टबासाठी नाही घेतला. हे लिहायला मला दोन पत्रं लागली, म्हणून समजून घे किंवा नको घेऊस, पण ऐक.

त्या फोनात नोंद क्रमांक एकशे अठरा होती. ती तुझी होती. मी सगळ्या मुलींची करायचो तशी एक दिवस तुझीही केली, ओट्यावर उभं राहून. तू माझी मुलगी आहेस म्हणून वेगळं काही करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. सोयरीक म्हटली की सोयरीक. मग तो रविवार. फोन भरला, जागा नाही म्हणतो म्हणून मी तुझ्याकडे दिला. तू जुन्या नोंदी ऐकत ऐकत निवडत बसलीस आणि ऐकता ऐकता तुझा हात थांबला. मी दारातून पाहत होतो. तू पुन्हा लावलीस, पुन्हा ऐकलीस. मग मला विचारलंस, बाबा, ही मी आहे का?

मी तेव्हा जे बोललो ते मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "अशा सगळ्यांच्याच करतो बे. तुले काऊन एवढं लागलं?"

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं तू गेलीस, लॅबच्या कोर्सची फाईल घेऊन. गावाला मी सांगितलं, नाशिकला नोकरी लागली. नोकरी तर तुला दोन महिन्यांनी लागली. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण दिव्याखाली अंधार, हे माझ्या पाठीमागं म्हटलेलं मी ऐकलं आहे. साऱ्या तालुक्याच्या पोरी उजवणाऱ्याची स्वतःची पोर अशी.

तू गेल्यावर मला ती नोंद काढून टाकायची होती. मला काढता येईना. पोरासोरांना सांगावं तर ते आधी ऐकणार. अविनाशकडं द्यावा तर तोही ऐकणार. दर वेळी फोन हातात घेतला की ती यादीत दिसायची, एकशे अठरा. मग पिन खराब झाली, फोन बंद पडला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. माणूस गेला की त्याच्यासोबत त्याच्या पोटातलं जातं, तसं फोनचंही असेल असं मी धरून चाललो. बंद पडला म्हणजे पुसला. टबवाल्याचा भोंगा ऐकला आणि मी कपाटातून फोन काढून नेऊन दिला. तो म्हणाला, काका, यात काही महत्त्वाचं नाही ना? मी नाही म्हटलं.

एक तुझी नोंद मला नको होती, त्यापायी दोनशे घरांचं मी रस्त्यावर टाकलं. माझ्याएवढा शहाणा माणूस दुसरा नसेल.

तुझ्या नोंदीत मी काय म्हटलं ते तुला माहीत आहे. रंग दबका म्हटलं, नाक बसकं म्हटलं, बोलायला फटकळ म्हटलं. आणि जन्माचं साल अठ्ठ्याण्णव सांगायचं, म्हणजे सव्वीसची चोवीस दिसेल. एवढंच होतं, मला आठवतं तेवढं.

२३ ला दहा दिवस राहिले. छकुली रोज संध्याकाळी तुझ्या आईकडं येते, हातातल्या बांगड्या कोणत्या घालू म्हणून विचारते. मला तिच्याकडं पाहवत नाही. मी गोठ्यात जाऊन बसतो.

मी बाप म्हणून मागत नाही. बाप म्हणून मागायचं माझं तोंड राहिलं नाही. छकुलीसाठी मागतो.

उकंडराव


खामगाव, एसटी स्टँड
१९ फेब्रुवारी

करिष्मा,

घाईत लिहितो, गाडीला पाऊण तास आहे.

काल तुझं पाकीट आलं. आईनं दारातच फाडलं. आत एका कोऱ्या कागदावर चार आकडे, १९९६. खाली नाही, वर नाही, कोणाला आशीर्वाद नाही की नमस्कार नाही. आईनं कागद उलटा करून पाहिला. म्हणाली, "हे काय व्हय? पैशे मागते का ते?"

मी म्हटलं, नाही, तिच्या जन्माचं साल आहे. खरं.

आईनं कागद माझ्या हातात दिला. मला लागलं. लागावं म्हणूनच तू पाठवलंस असं मला आधी वाटलं, आणि पासवर्ड असेल असं नंतर वाटलं. तसाच अविनाशकडं पळालो. खात्याचा पासवर्ड म्हणून घातला तर लागेना. चार आकडी नसतोच म्हणे तो. कागद खिशात घालून मी घरी परतलो.

आणि रात्री जेवताना फोन वाजला. अनोळखी नंबर. दुसरबीडहून कोणी ज्ञानेश्वर बोलतो, रस्त्यावर चहाचं हॉटेल आहे. म्हणाला, "उकंडराव का? तुमच्या पोरीनं तुमचा नंबर देला. मोबाईल माह्याजवळ आहे, येऊन घेऊन जा."

मी विचारलं, तू त्यातलं काही ऐकलं का? तो म्हणाला, या तुम्ही, मग बोलू.

म्हणजे ऐकलं. माझं जेवण तसंच राहिलं. आईनं सकाळी दशम्या बांधून दिल्या आहेत, त्याही अजून सोडल्या नाहीत. चिखलीची गाडी लागली वाटतं. जातो.

उकंडराव


पिंपळगाव राजा
२४ फेब्रुवारी

चि. करिष्मा,

आता निवांत लिहितो. क्रमानं सांगतो, नाहीतर तू म्हणशील बाबा नेहमीसारखं सोयीचं तेवढं सांगतात.

दुसरबीडला मी तीन एसट्या बदलून दुपारी पोचलो. ज्ञानेश्वर तिशीतला माणूस, चष्मा लावतो. तोच तो ट्रॅक्टरवाला. ट्रॅक्टर त्याच्या मामाचा आहे. फोन त्यानं बाजारात जुन्या मालात घेतला होता, पिन बसवली होती. त्याच्यावर रागवायला मी निघालो होतो, पण त्यानं आधी पाणी दिलं आणि मग फोन माझ्यासमोर ठेवला.

फोनला कुलूप लागलं होतं. वर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "हा फोन माझ्या बाबांचा आहे. सापडला असेल तर कृपया या नंबरवर कळवा." खाली तुझा नंबर.

मी माझा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तू तिथून कुलूप घातलंस तेव्हा हे लिहिलंस, हे मला ज्ञानेश्वरनं समजावलं. आधी मला वाटलं, कोणाही परक्याला लिहायचं म्हणजे असंच लिहावं लागणार, त्याचा काही अर्थ घ्यायचा नाही. पण तू "उकंडरावांचा" लिहू शकली असतीस. "मालकाचा" लिहू शकली असतीस. मी चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत ते वाचत बसलो.

मग मी त्याला विचारलं, काय काय ऐकलं ते सांग. त्यानं सरळ सांगितलं. गाणी समजून पहिली लावली, मग दुसरी लावली, मग बंद केलं. म्हणाला, "काका, माही बहीण लग्नाची आहे. तिचंबी असंच कोणाच्या तरी मोबाईलमधी असन, असं मनात आलं. मग नाही ऐकवलं." पहिल्या दोन नोंदी कोणाच्या, तर खूप जुन्या, दोघींचीही लेकरं शाळेत जातात आता. कौशल्याबाईची त्यानं ऐकली नव्हती. मी हॉटेलच्या मागं जाऊन तोंड धुऊन आलो.

चार आकडे कशाचे ते तोवर मला कळलं होतं. १९९६ टाकलं, कुलूप उघडलं. अठ्ठ्याण्णव सांगायचं म्हणणाऱ्या माझ्याच बोटानं मला तुझं खरं साल टाकावं लागलं.

पुसायच्या आधी मी एकच नोंद लावली. एकशे अठरा. बाजूला जाऊन, निंबाखाली उभं राहून, कानाला लावून ऐकली, तू ऐकली असशील तशी. मागच्या पत्रात मी तुला सांगितलं की एवढंच होतं. एवढंच नव्हतं. शेवटचं वाक्य मी गाळलं होतं. मला आठवत नव्हतं असं नाही. शेवटी मी म्हटलं आहे, "बिजवर चालंल."

कोणीतरी बायको गेलेला, पोरंबाळं असलेला माणूस माझ्या मुलीला चालेल, हे मी ओट्यावर उभं राहून, पान चघळत, वांग्याचा भाव सांगावा तसं सांगून ठेवलं होतं. तुझ्या लग्नाला उशीर झाला होता असंही नव्हतं. मला फक्त यादी लांब करायची होती. आवाज माझाच होता, पण त्या माणसाला मी माझ्या घराच्या पायरीवर चढू दिलं नसतं. पोरी, मी चुकलो. हे मला त्याच रविवारी म्हणता आलं असतं, तर तुझी एसटी चुकली असती.

ज्ञानेश्वरनं कुठं दाबायचं ते दाखवलं. फोन म्हणाला, सगळा डेटा पुसला जाईल, परत मिळणार नाही. दोनशे नोंदी, सगळे फोटो, माझी वीस वर्षांची ओळखपाळख त्यात होती. फोननं पुन्हा एकदा विचारलं, नक्की का? ज्ञानेश्वर म्हणाला, पाहिजे ते काढून ठेवू का दुसरीकडे? मी नको म्हटलं आणि दाबलं. पडदा काळा झाला, कंपनीचं नाव आलं, एक गोल फिरत राहिला. पाच मिनिटांनी फोन माझ्याकडं बघून नमस्कार म्हणाला आणि भाषा कोणती म्हणून विचारू लागला.

गुरुवारी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मी कौशल्याबाईकडं गेलो. फोन पुसला होता, कोणाला काही कळलं नव्हतं, मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. तुझ्या आईनं दारातून ढकललं असं म्हण. सगळं सांगितलं, फोनला सांगून ठेवल्यापासून निंबापर्यंत. कौशल्याबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, तुमच्याजवळ सांगतलं ते मोबाईलले सांगाले नोतं सांगतलं."

तिनं ओरडावं, शिव्या द्याव्या, अशी माझी तयारी होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, शिवमला बोलावलं आणि माझ्यासमोर त्याला डागाचं सांगितलं. मग संध्याकाळच्या गाडीनं मायलेक मेहकरला गेली. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, म्हणाली. मला सोबत येऊ दिलं नाही. शुक्रवारची ती रात्र आणि शनिवारचा तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. छकुली बांगड्या विचारायला आली नाही.

शनिवारी दिवे लागताना शिवम आला. मुलाच्या आईनं रात्रभर थांबवून घेतलं आणि सकाळी एवढंच विचारलं म्हणे, तुम्हाला त्याचा त्रास होतो का? कौशल्याबाई नाही म्हणाली. मग ती म्हणाली, मग आम्हाला कशाचा होणार?

काल साक्षगंध झालं. माणसं पंचवीस येणार होती, आली सतरा. न आलेल्यांमध्ये मुलाचा मोठा काका होता, म्हणजे सगळ्यांनाच पटलं असं नाही. पण झालं. छकुलीनं हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. तुझी आठवण काढली तिनं, दोनदा.

सोयरीक जमवणाऱ्याला टॉवेल-टोपी देतात हे तुला माहीत आहे. माझ्या पेटीत बेचाळीस आहेत. काल मुलाच्या मामाला झाली, गावच्या पाटलाला झाली, माझ्यासमोरून ताट गेलं आणि कौशल्याबाईनं मला दिली नाही. चार लोकांनी पाहिलं. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो आणि पोटभर जेवलो. तिनं केलं ते बरोबर केलं.

यापुढं मी कोणाचं पाहायचं नाही असं ठरवलं आहे. परवा एकजण आला होता पोरीचा फोटो घेऊन. त्याला चहा दिला आणि फोटो परत दिला. निळा टब अंगणात आहे. आई त्यात मेथी धुते, पण प्रत्येक वेळी माझ्याकडं एकदा बघून धुते.

आता एक राहिलं. आई त्यासाठी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, म्हणून तुला सांगायलाच हवं. फोन पुसला तेव्हा त्याच्यावरचा तुझा नंबरही गेला. जायच्या आधी ज्ञानेश्वरनं तो एका चिठ्ठीवर लिहून माझ्यापुढं धरला होता. मी घेतला नाही. नंबर तू त्याला दिला होतास, मला दिला नव्हतास. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेलं आपल्याजवळ भरून ठेवायचं, हेच मी जन्मभर करत आलो. तू दिलास तर घेईन.

तो फोन नव्यानं सुरू करायचा तर त्याला खातं पाहिजे, आणि खातं कसं काढतात ते मला येत नाही. तसाच कोरा कपाटात ठेवला आहे. बटणाचा फोन मात्र उशाशी असतो, रात्रीसुद्धा. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. तुझ्याकडं तो आहेच, तरी लिहिला. त्याच्यावर शाई फिरवलेली नाही.

तुझा
बाबा